नखाची खाच

दि. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस. पैसे मागायला लिहिलेलं नाही. म्हणजे आहे पैशांचंच, पण जरा वेगळं.

आधी बातमी. मला मोठ्या बोटीवर जागा मिळाली! खेकड्यांचे पिंजरे टाकणारी, आपल्या धक्क्यावरून सगळ्यात लांब जाणारी. बाबांच्या होडीतून किनाऱ्याकिनाऱ्याने जाळी टाकून माझा जीव विटला होता, तुला माहीत आहेच. जागा कशी रिकामी झाली म्हणशील, तर आधीचा गडी आता येत नाही, एवढंच कप्तान म्हणाला. मी खोदून विचारलं नाही. त्याचे बूट अजून बोटीवर खुंटीला आहेत. घालून पाहिले, माझ्याच मापाचे निघाले.

काम असं, की एका लांबच लांब दोराला थोड्याथोड्या अंतरावर पिंजरे बांधलेले असतात. पहिला पिंजरा पाण्यात ढकलला की त्याच्या वजनाने दोर पळत सुटतो आणि बाकीच्यांना एकामागून एक ओढून नेतो. आपण पुढचा पिंजरा कठड्यावर ठेवत राहायचं आणि दोराच्या वेटोळ्यात हात-पाय सापडू द्यायचा नाही. यासाठीच प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा चाकू हवा, असा नियम. तोही घडीचाच, कारण हेलकावे खाणाऱ्या बोटीवर उघडं पातं कुणाच्या तरी पोटात जायचं. कप्तान खिसे तपासतो. चाकू नाही तर बोटीत पाऊल नाही.

बाबा म्हणतात, माझा घे. ताई, तो चाकू आठवतो ना? पातं झिजून उंदराच्या शेपटीएवढं राहिलंय आणि घडी इतकी सैल की नुसता झटकला तरी उघडतो. तो नेला तर सगळे म्हणतील, भाजी चिरायला आला.

तर तुझ्या शहरात ते जुनं चाकूवाल्याचं दुकान आहे. काकूच्या पेटीत मी एकदा त्याचं नाव छापलेली चामड्याची पिशवी पाहिली होती. काकाला तिथूनच तिने चाकू आणला होता म्हणे. तिथे जाऊन ये. किती खर्च करावा ते तूच ठरव, अर्धे मी पहिल्या पगारातून देईन. उत्तर धक्क्यावरच्या बर्फवाल्याच्या पत्त्यावर पाठव. घरी आलं की काकू बाबांना मोठ्याने वाचून दाखवते आणि बाबा खर्चाचं नाव काढलं की दिवसभर बोलत नाहीत.

लोभ आहेच, तो यावेळी पार्सलातून दिसू दे.

तुझा,
बारक्या


दि. ९ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अभिनंदन करू की कान उपटू, ठरत नाहीये. आधीचा गडी का येत नाही हे न विचारता तू त्याच्या बुटात पाय घातलास! मिशी फुटली तरी अक्कल फुटायची आहे तुझी. आधी ते विचार आणि मला कळव.

काल चष्म्याच्या कारखान्यातून लवकर सुटले. आमच्या काचा घासायच्या यंत्राचा पट्टा तुटला, म्हणून आम्हा मुलींना अर्धी सुट्टी. तशीच दुकानात गेले. अरुंद दुकान, पुढे काचेचं कपाट, मागे भट्टी, आणि तेलाचा वास असा की अजून ओढणीला येतोय. दुकानदार गोरागोमटा, बोलका, माझ्याच वयाचा. त्याने फडक्यावर तीन चाकू मांडले.

पहिला स्वस्तातला. दोन वेळच्या जेवणाच्या पैशांत मिळेल. मूठ प्लास्टिकची आणि घडी लटपटते. हातात घेतला तर अंगठ्याच्या नुसत्या धक्क्याने उघडला. मला तर खेळण्यातला वाटला. दुसरा बऱ्यापैकी, बुटांच्या जोडीइतक्या किमतीचा. आणि तिसरा! मूठ शिंगाची, पातं हाताने ठोकलेलं, त्यावर दुकानाची मोहर. उघडला की टक् असा आवाज होतो, मिटला की पुन्हा टक्. दुकानदार म्हणाला की कणभर हलणार नाही, तुमच्या भावाच्या मुलालाही पुरेल. किंमत माझ्या खोलीच्या महिन्याच्या भाड्याइतकी. ऐकून मी चाकू खाली ठेवला आणि पुन्हा उचलला.

घरी येऊन सारखा विचार करतेय. साध्या कामाला असता तर मधला घेतला असता. पण ज्या वस्तूवर तुझा जीव अवलंबून आहे तिथे मी हात आखडता घ्यायचा म्हणजे कसं वाटेल? तुझं अर्धं मला नको. थंडीचा कोट यंदा घेणार होते, तो पुढच्या वर्षी घेईन. जुन्याला अस्तर लावलं की चालेल.

बाबांना एवढ्यात सांगू नकोस. तब्येत सांभाळ. माझी माया तुला कधीकधी जाच वाटते हे ठाऊक आहे, तरी ती असू दे.

तुझी,
ताई


दि. १७ फेब्रुवारी

चि. ताईस,
अ. उ. आ.

तुझ्या भावाने तुझं पत्र शर्टाच्या खिशात ठेवलं आणि शर्ट धुवायला टाकला. काकूने ते काढलं, वाळवलं आणि मला वाचून दाखवलं. दुकानाचं वर्णन आलं तिथे जरा थांबली. मग शेवटपर्यंत वाचलं.

चाकू घेऊ नकोस. घरात आहे तो चालेल. तुला अगदी राहवत नसेल तर पहिला घे, स्वस्तातला. तिसरा घेऊ नकोस.

माझं बरं आहे. गुडघा सकाळी कुरकुरतो, मग ऐकतो. जाळ्यांची डागडुजी चालू आहे. तू पाठवलेला चष्मा पेटीत आहे, कानाला टोचतो. काकू बरी आहे, पण जेवण कमी झालंय. परवापासून संध्याकाळी तिच्या खोलीत दिवा न लावता बसते. विचारलं तर म्हणते डोळ्यांना बरं वाटतं.

या पत्रावर पुन्हा वाद घालू नकोस. तुझा कोट घे.

आशीर्वाद आहेतच.

बाबा


दि. २३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

काकू, हे पत्र वाचताना आवाज खाली आणू नकोस. बाबांना प्रत्येक शब्द नीट ऐकू दे.

बाबा, तुम्ही आयुष्यभर दोरीचे तुकडे गाठी मारून जपलेत, वाकलेले खिळे सरळ करून वापरलेत. आम्ही कधी कुरकुर केली नाही. आई असताना तीही हसून सोडून द्यायची. पण पोरगा खोल पाण्यात चाललाय आणि तुम्ही लिहिता, स्वस्तातला घे! पैसे तर तुमचे नाहीतच, माझे आहेत. मग तुमच्या पोटात का दुखावं? मला खरंच राग आलाय आणि तो मी लपवणार नाही.

आणखी एक विचारते. काका कसा गेला हे तुम्ही आम्हाला कधी धड सांगितलं नाही. मी सात वर्षांची होते. पाय घसरून पडला, एवढंच कानावर आलं. तुम्ही त्याच बोटीवर होतात. त्याच्याजवळ चांगला चाकू होता, तो असूनही तो गेला, म्हणून तुमचा चाकूंवरचा विश्वास उडालाय का? तसं असेल तर सांगा. पण मग काकाला नशिबाने नेलं म्हणून बारक्याला भाजी चिरायचा चाकू द्यायचा, हा कुठला न्याय?

मी तिसरा चाकू ठरवलाय आणि पैसे भरलेत. धार लावून आठवड्याभरात देतो म्हणालाय. पार्सल घरच्याच पत्त्यावर येईल, आता लपवण्यात काही राहिलं नाही.

चष्मा टोचत असेल तर काड्या जरा गरम पाण्यात धरा आणि वाकवा. रागावले असले तरी तुमचीच आहे, पायाशी जागा असू द्या.

तुमची,
ताई


दि. १ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काकूने वाचलं. मी समोर बसलो होतो. काकाचा मजकूर आला तसा बाबांनी हात वर केला, पुरे म्हणून. काकूने पाहिलं, तरी वाचतच राहिली. अगदी वर्तमानपत्र वाचावं तसं. मग घडी घालून बाबांच्या हातात दिलं आणि चुलीशी गेली. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी मोजकंच बोलतात. तू बॉम्ब टाकून मोकळी झालीस, इथे धूर आम्ही खातोय.

माझी पहिली फेरी झाली. हात सोलवटून निघालेत, पण मजा आली. दोर सुटतो तेव्हा त्याचा एक आवाज असतो, सापासारखा नाही, कापड फाडल्यासारखा. तो सुरू झाला की कुणी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी मी पिंजरा उचलायला वळलो आणि एका वेटोळ्याने माझा डावा बूट धरला. कळायच्या आत मी आडवा. बूट नुसताच सैल अडकवला होता म्हणून पायातून निघाला आणि पिंजऱ्यामागोमाग गेला. सगळे हसले, मीही हसलो. एकटा कप्तान तेवढा हसला नाही. त्याने विचारलं, चाकू कुठे आहे. माझ्याजवळ होता तो बोटीवरचा उसना, आणि तो अजून खिशातच होता. मला हातसुद्धा घालायला सुचलं नव्हतं.

आधीच्या गड्याबद्दल विचारलं एकदाचं. एकाने सांगितलं, त्याचा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. दुसरा म्हणाला, पाय नाही, तो सगळाच गेला. दोघंही खात्रीने सांगत होते. त्याचा एक बूट माझ्या पायातून गेला, दुसरा मात्र खुंटीला आहे अजून.

बाबांचा चाकू मी घरीच ठेवलाय. एकदा धक्क्यावर नेला होता, तर ज्या गड्याशी माझी जोडी आहे त्याने झटकून उघडला आणि सगळ्यांना दाखवत फिरला. त्याच्याकडे तुझ्या त्याच दुकानाचा आहे, टक् आवाजाचा. पुढची फेरी लांबची आहे, हवा बिघडायच्या आत निघायचं आहे. तेव्हा पार्सल लवकर पाठव. तुझ्या चाकूशिवाय त्या दोरासमोर उभं राहायला आता खरंच भीती वाटते. हे फक्त तुला सांगतोय.

माया पातळ करू नकोस.

तुझा,
बारक्या


दि. ५ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझं बुटाचं वाचून माझ्या हातातली काच निसटली आणि फुटली. मुकादमीण ओरडली, ओरडू दे.

सोबत चाकू आहे. पिशवी चामड्याची, आत मेण लावलेलं. पिशवीला भोक पाडून पट्ट्याची दोरी ओवून पक्की गाठ मारली आहे, ती कमरेला बांध आणि झोपतानाही सोडू नकोस. चाकू कसा उघडतात ते सांगते, कारण मला आधी जमलं नव्हतं. पात्यावर एक छोटी खाच आहे, नखाएवढी. डाव्या हातात मूठ घट्ट धरायची, उजव्या अंगठ्याचं नख खाचेत रोवायचं आणि जोर लावून ओढायचं. पहिल्यांदा माझं नखच वाकलं. दुकानदार हसला, म्हणाला नवा आहे, स्प्रिंग कडक आहे, घट्टपणा हीच तर याची किंमत. चार-पाच वर्षांत हाताला येईल.

कोटाची चिंता करू नकोस. अस्तर लावून झालं, रंग जुळत नाही पण आत कोण बघतंय. आता मला शांत झोप लागेल. मी माझ्याकडून सगळ्यात चांगलं ते दिलंय, पुढचं तुझ्या हातात.

बाबांचं उत्तर नाही. रुसले असतील तर त्यांना म्हणावं, ताईनेही जेवण सोडलंय. खोटं आहे, पण म्हण.

फेरीहून आलास की लगेच दोन ओळी टाक. तोवर जीव टांगणीला.

तुझी,
ताई


दि. १२ मार्च

चि. ताईस,
अ. उ. आ.

हे पत्र मी स्वतः टपालपेटीत टाकतोय. नेहमी काकू टाकते. एवढं लिहायला तुझा चष्मा लावलाय.

तू विचारलंस त्याचं उत्तर देतो. काकूने ते पत्र मोठ्याने वाचलं तेव्हा मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तुझी चूक नाही. तुला माहीत नव्हतं आणि तिच्या तोंडून वाचल्या जाणाऱ्या पत्राला मी तिच्यासमोर बसून उत्तर देऊ शकत नव्हतो.

तुझा काका पाय घसरून पडला नाही. पिंजऱ्यांचाच दोर होता. त्याच्या डाव्या मनगटाला वेढा बसला आणि तो कठड्यावरून गेला. आम्ही दोर उलटा ओढला. पिंजरे वर आले, त्यांच्याबरोबर तो आला. उजव्या हातात चाकू होता. मिटलेला. अंगठ्याचं नख मुळापासून निघालं होतं. त्या खाचेत नख घालून ओढायला दुसरा हात लागतो, ताई. त्याचा दुसरा हात दोरात होता.

तो चाकू काकूने दिला होता, लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःच्या शिवणाच्या पैशांतून. त्याच दुकानातला, सगळ्यात भारी. महिनाही झाला नव्हता. मी बोटीवरच तो दातांत धरून उघडला आणि उघडलेला तिच्या हातात दिला. म्हटलं, त्याने प्रयत्न केला, दोर ओला होता, कापला गेला नाही. तिला वाटायला नको होतं की तिच्या चाकूने त्याला दगा दिला. तेव्हापासून ती गोष्ट माझ्याजवळ आहे. म्हणून मी लिहिलं, स्वस्तातला घे. त्याची घडी सैल असते, एका हाताने उघडतो. माझा चाकू सैल आहे तो म्हातारपणाने नाही. त्या वर्षी मीच वाळूने घासून सैल केला.

तुझं पार्सल परवा संध्याकाळी आलं. मी जाळ्याशी होतो, काकूने घेतलं. काल पहाटे बारक्या ते घेऊन गेला. मला कळलं तेव्हा धक्क्याकडे धावलो. निघताना माझा चाकू त्याला द्यावा म्हणून फळीवर हात फिरवला, तर तोही सापडला नाही. कुठे ठेवतो ते हल्ली आठवत नाही. धक्क्यावर पोचलो तोवर बोट टेकडीच्या वळणाआड गेली होती. बर्फवाला म्हणाला, तुमचा पोरगा पिशवी सगळ्यांना दाखवत होता.

वारा काल फिरलाय. बोटीचा पत्ता नाही. उत्तर देऊ नकोस, काकू वाचेल.

बाबा


दि. १६ मार्च
(बर्फवाल्याच्या पत्त्यावर)

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

तार करावी तर कुणाला, तू पाण्यावर. हे पत्र बोटीची वाट बघत बर्फवाल्याकडे पडून राहील. उतरलास की आधी हे वाच.

तो चाकू समुद्रात टाक. विचारू नकोस, रागावू नकोस, टाक. मी मूर्ख आहे. मी महाग ते चांगलं समजले. उघडताना माझं नख वाकलं, दुकानदार हसला आणि मीही हसले! दोन हात लागतात, बारक्या, मला दिसत होतं, माझ्याच हातांनी मी उघडला होता. तुला तसं लिहूनही पाठवलं, जसं काही कौतुकच आहे.

माझं कामात लक्ष नाही. यंत्र सुरू झालं की मला तू सांगितलेला कापड फाडल्याचा आवाज येतो. शनिवारी निघून घरी येतेय.

उतर फक्त. बाकी काही नको.

ताई


दि. १६ मार्च

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

माझ्या हातचं पत्र तुला कधी आलेलं नाही, तेव्हा अक्षर ओळखणार नाहीस. काकू लिहितेय.

तुझे बाबा चार दिवसांपूर्वी स्वतः टपालाला गेले. इतक्या वर्षांत गेले नाहीत, त्यावरून त्यांनी तुला काय लिहिलं असेल ते मला कळलं. तू घाबरली असशील म्हणून हे लिहितेय.

बारक्याजवळ तुझा चाकू नाही. तो माझ्यापाशी आहे.

त्या संध्याकाळी पार्सल आलं. कागद सोडायच्या आधीच मी पिशवी ओळखली. स्वयंपाकघरात नेऊन चाकू उघडायला घेतला. नख खाचेत घातलं आणि तिथेच थांबले. मग फळीवरचा तुझ्या बाबांचा चाकू घेतला, त्या पिशवीत घातला, दोरी होती तशी बांधली आणि कागदही तसाच लावला. बारक्या समुद्रावर पिशवी उघडेल तेव्हा मला शिव्या देईल. देऊ दे. परत पळत यायला तिथे वाट नाही.

तुझ्या बाबांना वाटतं मला ठाऊक नाही. त्यांनी चाकू उघडून माझ्या हातात दिला, प्रेमाने दिला. पण मी तो पुसायला घेतला तेव्हा खाचेत नखाचा तुकडा अडकलेला होता. ज्याला चाकू उघडता आला त्याचं नख तिथे कशाला राहील? मी काही बोलले नाही. मला कळलंय हे त्यांना कळलं असतं तर ते माझ्यासमोर कधी जेवू शकले नसते. म्हणून तू काकाबद्दल विचारलंस ते पत्र वाचतानाही मी थांबले नाही.

त्यांना आत्ता सांगायचं तर का बदलला तेही सांगावं लागेल. बोट येईपर्यंत तरी नको. दोघंही रात्री जागतो, आणि आपण जागे आहोत हे एकमेकांना कळू देत नाही.

तू दिलंस ते मनापासून दिलंस, मीही तसंच दिलं होतं. येतेस तर ये. घर तुझंच आहे.

काकू


दि. २० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षराला हसू नकोस, डावा हात आहे. तू आलीस तेव्हा मी इस्पितळात गुंगीत होतो. तुला काय काय बोललो आठवत नाही, काही उधार मागितलं असेल तर विसर. आज पहिल्यांदा नीट बसून लिहितोय.

तिसऱ्या दिवशी मी पिशवी सगळ्यांसमोर उघडली. ऐटीत. आतून निघाला बाबांचा उंदराच्या शेपटीचा चाकू! गडी पोट धरधरून हसले. मला इतका राग आला की पिशवीसकट फेकूनच देणार होतो, पण दोरी कमरेला बांधलेली होती आणि तुझी गाठ माझ्याच्याने सुटेना. तेवढ्यात पुढचा दोर सोडायची वेळ झाली.

लाट आली, पिंजरा कठड्यावरून आपणच गेला आणि माझं उजवं मनगट वेढ्यात गेलं. कठड्याशी आपटलो. मला आठवतं ते एवढंच, की डाव्या हाताने पिशवी ओढली, चाकू झटकला आणि तो उघडला. मी काही केलं नाही ताई, तो आपला आपण उघडला. दोनदा घासला. दोर गेला. माझ्या जोडीदाराने त्याचा चाकू काढला होता मला सोडवायला. मी सुटून पडलो तेव्हा त्याचं नख अजून खाचेतच होतं. त्यानंतर तो हसला नाही.

डॉक्टर म्हणतात दोन बोटं वळणार नाहीत, बाकी हात कामाचा होईल. झालाय जवळजवळ. परवा मी बादली उचलली.

घरात बदल झालाय. बाबा आणि काकू त्या गोष्टीबद्दल बोलले की नाही मला कळलं नाही, पण बाबा आता पुन्हा तिच्यासमोर बसून जेवतात आणि तिला आणखी वाढ म्हणतात. तुझा चाकू काकूजवळच आहे. मी घरी आलो त्या संध्याकाळपासून ती तो घेऊन माझ्या खाटेशी बसते. उघडते, मिटते, उघडते, मिटते. मधेच तेलाचा थेंब, बारीक वाळू, पुन्हा उघडते. तिच्या अंगठ्याला घट्टा पडलाय. म्हणते, एवढा महागाचा चाकू टाकायचा नाही, आपण त्याला सैल करू, एका हाताने उघडेल असा झाला की तुला देईन, मग खुशाल बोटीवर जा. त्याआधी नाही. मी रोज विचारतो झाला का, ती रोज सांगते, अजून घट्टच आहे. पहिल्यांदा टक् असा मोठा आवाज व्हायचा. मग कमी होत गेला. हल्ली नुसतं कुजबुजल्यासारखं ऐकू येतं.

कप्तानाचा निरोप आला. जागा अजून माझीच ठेवलीय. खुंटीला नवे बूट लावलेत, दोन्ही, माझ्या मापाचे.

काल काकू बाजारात गेली होती. तिच्या उशाखालून चाकू काढला आणि डाव्या हाताने जरासा झटकला. उघडला, ताई. बाबांच्या चाकूपेक्षाही हलका. हा काही काल-परवा सैल झालेला नाही, कित्येक आठवडे झाले असावेत. मी पातं मिटलं, चाकू पिशवीत घातला आणि जिथल्या तिथे ठेवून दिला. संध्याकाळी ती आली, चाकू घेऊन बसली, अंगठा खाचेत रोवून, ओठ दाबून असा काही जोर लावला की मला मान फिरवावी लागली. म्हणाली, अजून घट्टच आहे रे. मी म्हटलं, हो काकू, दिसतोय घट्ट.

निरोपाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

लोभ होता तेवढाच ठेव, जास्त झाला तर मला रडू येईल. आणि उत्तर लिहिशील त्यात चाकूचं काही लिहू नकोस. बाबांनी चष्मा पुन्हा पेटीत टाकलाय. पत्रं काकूच वाचते.

तुझा,
बारक्या